फ्लोरा : रोमन लोकांची पुष्पदेवता

इ. स. च्या चवथ्या शतकाच्या आरंभीं लॅक्टान्शियस या ख्रिस्ती ग्रंथकारानें रोमन देवतांची उत्पत्ति सांगतांना फ्लोरेसंबंधानें पुढील आशयाची हकीकत दिली आहे. फ्लोरा ही मूळची एक गणिका होती. तिनें आपल्या धंद्यांत अपार द्रव्य मिळविलें व मरतांना रोमन जनतेस आपली वारस नेमून कांहीं रक्कम अशी राखून ठेविली कीं, तिच्या व्याजांतून दरसाल आपल्या जन्मदिवशीं खेळ व्हावे. पुढें सेनेटास या गोष्टीची लाज वाटूं लागली. तेव्हां नांवाचा आधार घेऊन ही फुलांची अधिष्ठात्री देवता आहे, पिकें, झाडें व द्राक्षवेली नीट फुलाव्या म्हणून हिला संतुष्ट केलें पाहिजे, अशी बतावणी करण्यांत आली. हकीकत चटकदार असल्यामुळें ती टिकली. चवदाव्या शतकांत बोकाच्चो यानें प्रसिद्ध स्त्रियांवर जो लॅटिन ग्रंथ लिहिला त्यांतहि फ्लोरेचें चरित्र गणिका म्हणूनच आलें आहे.

लॅक्टान्शियस हा विद्वान् होता, परंतु तो फिर्यादी पक्षाचा वकील होता, हें विसरतां कामा नये. शिवाय फ्लोरेच्या देवळाची स्थापना आणि लॅक्टान्शियसचें लेखन यांत साडेपांचशें वर्षांचें अंतर आहे. इतक्या अंतरावरून लिहिलेल्या बखरवजा मजकुरास अस्सल कागदांच्या पुढें बसवावयाचें कीं मागें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. तेव्हां शिलालेख, ताम्रपट, नाणीं, पंचांगें आणि जुने ग्रंथकार यांच्या साक्षी घेऊन या देवतेचें कुल व वय काय ठरतें तें पाहूं.

पहिली साक्ष व्हॅरोची. इ. स. पूर्वी पहिल्या शतकांतील या महापंडितानें लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, सबाइन लोकांचा राजा टायटस टेशियस यानें रोमांत ज्या देवतांच्या वेदी स्थापिल्या त्यांत ऑप्स, सॅटर्न, सोल, ल्यूना, व्हल्कन इत्यादिकांबरोबर फ्लोराहि होती. टेशियस हा ऐतिहासिक पुरुष असो वा नसो, व्हॅरोच्या काळीं ही देवता जुनी व सबाइन समजली जात होती एवढें यावरून निश्चित होतें. दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे. रोमांत कांहीं देवतांना स्वतंत्र पुजारी असत; त्यांस फ्लामेन म्हणत. त्यांपैकीं तीन थोर व बारा कनिष्ठ. या कनिष्ठ बारांत फ्लोरेचा पुजारी एक. हें पुजारीपद नूमा राजानें निर्माण केलें असें एन्नियस कवीच्या ज्या पंक्तींत आहे त्या व्हॅरोनेंच उद्धृत करून राखिल्या आहेत. एन्नियसचा जन्म इ. स. पूर्वी २३९ चा. फ्लोरेचें सुप्रसिद्ध देऊळ ज्या काळीं झालें त्या काळांतलाच हा मनुष्य. ही देवता जर त्याच्या लहानपणीं प्रथम रोमांत आली असती, तर तिच्या पुजाऱ्याचें पद चारशें वर्षांपूर्वींच्या राजाच्या नांवावर घालण्याचें धाडस त्यास झालें नसतें, आणि श्रोत्यांनीं तें मानलेंहि नसतें.

मात्र एक विरुद्ध गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. रोमच्या जुन्या पंचांगांतून जे प्राचीन सण मोठ्या अक्षरांत लिहिलेले असत, त्यांत फ्लोरेचा सण नाहीं. यावरून कित्येकांनीं तिचें पूजन अर्वाचीन ठरविलें. परंतु मोठ्या अक्षरांत फक्त ठराविक तिथीचे सण येत. पिकांच्या मानानें दरसाल ज्यांची तिथि पुरोहित जाहीर करीत ते सण पंचांगांत लिहिणें शक्यच नव्हतें. फुलोऱ्याचा सण हा असाच फिरता असणें स्वाभाविक आहे. तेव्हां पंचांगाचें मौन हा पुरावा होऊं शकत नाहीं.

आतां रोमच्या बाहेर जाऊं. इ. स. १८४८ त मध्य इटलींतील आन्योने या गांवाच्या परिसरांत काशाचा एक लहानसा, दोन्ही बाजूंस कोरलेला पत्रा सांपडला. तो पुढें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेला. लेख ऑस्कन भाषेंत, म्हणजे लॅटिनच्या बहिणींपैकीं एकीमध्यें आहे, व त्याचा काळ सामान्यतः इ. स. पूर्वी तिसरें शतक मानितात. सीरीज या धान्यदेवतेच्या एका आवारांत किंवा बागेंत कोणकोणत्या देवतांच्या वेदी आहेत व कोणास केव्हां बलि द्यावयाचा याची ती यादी आहे. देवता पंधरांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना 'सीरीजकडील' असें विशेषण लाविलेलें आहे. या यादींत 'फ्लूसाइ केर्रीइयाइ', म्हणजे 'सीरीजकडील फ्लोरेस', अशी नोंद स्पष्ट आहे. एवढेंच नव्हे, तर फ्लोरेच्या सणाच्या दिवशीं त्या बागेजवळ कोणत्या चार देवतांस बलि द्यावयाचा तेंहि सांगितलें आहे. कोणा रोमन गणिकेच्या मृत्युपत्राचा लौकिक साम्नाइट लोकांच्या डोंगराळ मुलुखांत, परक्या भाषेंत, परक्या पूजाविधींत शिरला असें म्हणावयास कोण धजेल?

नांवाच्या रूपाकडेहि लक्ष द्यावें. ऑस्कन रूपांत सकार आहे, लॅटिन रूपांत त्याच जागीं रेफ आहे. लॅटिनमध्यें दोन स्वरांमधल्या सकाराचा रेफ झाला व हा फेरफार इ. स. पूर्वी चवथ्या शतकांत पुरा झाला. संस्कृतांत निस् आणि गुण मिळून निर्गुण होतो तें ज्यांस परिचित आहे, त्यांस सकाररेफांचें हें नातें नवल वाटणार नाहीं. अर्थात् हें नांव दोन्ही भाषांत फेरफारापूर्वींपासून नांदत होतें. ओव्हिद कवीनें मात्र निराळीच व्युत्पत्ति लाविली आहे: ही मूळची क्लोरिस नांवाची ग्रीक वनदेवता, झेफिर या पश्चिमवाऱ्यानें तिचें हरण करून तिच्याशीं लग्न लाविलें व स्त्रीधन म्हणून तिला फुलांचें राज्य दिलें, ग्रीक अक्षराचा लॅटिन तोंडीं अपभ्रंश होऊन क्लोरिसची फ्लोरा झाली. काव्य सुंदर आहे, आणि बोत्तिचेल्लीच्या प्रसिद्ध वसंतचित्रानें तें अजरामर केलें. परंतु फ्लूसा या रूपापुढें ही व्युत्पत्ति क्षणभरहि उभी राहत नाहीं.

दुसरा शिलालेख फुर्फो येथील. व्हेस्टिनी लोकांच्या या गांवीं ज्यूपिटर लिबर याच्या देवळाच्या अर्पणाचे नियम दगडावर कोरलेले सांपडले आहेत. त्यांत मिति दुहेरी दिली आहे, जशी आपल्याकडील कागदांत शक व सुहूर सन शेजारीं शेजारीं येतात तशी. रोमन मिति क्विन्क्टिलिस महिन्याच्या इडूसपूर्वींचा तिसरा दिवस, म्हणजे १३ जुलै, पीझो व गाबीनियस हे कॉन्सल असतां, म्हणजे इ. स. पूर्वी ५८. स्थानिक मिति फ्लुसारे महिना, म्हणजे फ्लोरेचा महिना. रोमांत फ्लोरेचा सण एप्रिलच्या अखेरीस आणि येथें तिचा महिना जुलैंत, हें पाहून प्रथम गोंधळ होतो. पण अॅपेनाइन पर्वताच्या उंच खोऱ्यांतला फुलोरा रोमच्या मैदानाहून उशीरा येतो. त्यांत जूलियस सीझरच्या सुधारणेपूर्वींचें रोमन पंचांग अधिकमासाच्या हयगयीमुळें ऋतूंशीं जुळत नसे. तेव्हां एवढ्या तफावतीनें बिचकण्याचें कारण नाहीं. एका संपूर्ण महिन्यास जिचें नांव मिळतें ती देवता त्या प्रदेशांत किती रुजलेली असली पाहिजे, हा खरा मुद्दा आहे.

येथपर्यंत देवतेचें कुल झालें. आतां तिच्या रोमांतील प्रसिद्ध देवळाचा प्रश्न. यांत साक्षी पुष्कळ आहेत, पण त्या एकमेकींशीं भांडतात, आणि बहुतेक एकेका हस्तलिखितावर लटकलेल्या आहेत.

हकीकतीचा गाभा असा. पब्लिसियस मॅलेओलस घराण्यांतील ल्यूशियस व मार्कस हे दोघे बंधु एकाच वर्षीं एडाईल होते. त्यांनीं सार्वजनिक कुरणांत बेकायदा गुरें चारणाऱ्यांवर खटले चालविले, दंड वसूल केला आणि त्या पैशांतून दोन कामें केलीं: आव्हेंटाइन टेकडीवर गाड्या चढतील असा रस्ता बांधला आणि फ्लोरेचे खेळ सुरू केले. ओव्हिदनें ही गोष्ट देवतेच्याच तोंडीं घातली आहे. सरकारी रानें लोक बिनधास्त चारीत होते, कोणी विचारीत नव्हता, सार्वजनिक वस्तूस वाली नाहीं आणि स्वतःपुरतें पाहणें हेंच शहाणपण समजलें जाई, असें ती सांगते. त्या काळच्या रोमचें हें खरें दुखणें होतें. युद्धांत जिंकलेली जमीन राष्ट्राची. परंतु ती भोगणारे धनाढ्य. पहिलें प्यूनिक युद्ध इ. स. पूर्वी २४१ त संपलें, तेव्हां तेवीस वर्षांच्या लढ्यानें लहान शेतकरी थकलेला होता व मोठ्या कळपांच्या मालकांस मोकळें रान सांपडलें होतें. त्यांच्याकडून वसूल केलेल्या दंडांतून पिकें फुलविणाऱ्या देवतेस खेळ मिळाले, हा योगायोग नव्हे. आणि देऊळ कोठें झालें? टॅसिटस सांगतो, सर्कस मॅक्सिमसजवळ, सीरीज, लिबर व लिबेरा यांचें देऊळ ज्या जागीं होतें तेथेंच. सीरीजचें देऊळ म्हणजे प्लेबियन वर्गाचें ठाणें. प्लेबियन एडाईलांचें दप्तर तेथें राही. आन्योनेच्या पत्र्यावरील 'सीरीजकडील फ्लोरा' वाचकांनीं आठवावी. डोंगरांतल्या बागेंत जी सीरीजच्या पदरीं होती, तीच रोमांत सीरीजच्या शेजारीं आली. हा मेळ माझ्या मतें या सर्व प्रकरणांतला सर्वांत बोलका पुरावा आहे; जागेची निवड एडाईलांच्या सोयीमुळें झाली असें म्हणून तो उडवितां येत नाहीं, कारण पत्रा कोरणाऱ्यांस रोमच्या एडाईलांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें.

वर्ष कोणतें? प्लिनी म्हणतो, रोमच्या स्थापनेपासून ५१६ व्या वर्षीं, सिबिलाइन ग्रंथांच्या आदेशावरून, सर्व कांहीं नीट फुलावें म्हणून हा सण २८ एप्रिलास स्थापिला. व्हॅरोच्या गणनेनें हें इ. स. पूर्वी २३८ येतें. उलट व्हेलेयस पाटर्क्युलस हा वसाहतींच्या यादींत स्पोलेशियमच्या स्थापनेचें वर्ष तेंच फ्लोरेच्या खेळांच्या आरंभाचें वर्ष म्हणून देतो, आणि तें २४१ किंवा २४० येतें. लिव्हीच्या इतिहासानें हा वाद मिटला असता; परंतु त्याचीं अकरा ते वीस हीं पुस्तकें नष्ट झालीं आणि हीं वर्षें नेमकीं त्यांत बुडालीं. व्हेलेयसची स्थिति तर हस्तलिखितें जमविणाऱ्यांस हळहळ वाटावी अशी. त्याची एकच पोथी मुरबाख येथील मठांत इ. स. १५१५ त बेआटुस रेनानुस यास मिळाली. तिच्यावरून १५२० त ग्रंथ छापला गेला आणि मग ती पोथी नाहींशी झाली. छापील प्रत व पोथी नाहींशी होण्यापूर्वीं झालेली एक नक्कल एवढाच आज आधार. अशा परंपरेंत 'दोन वर्षांनीं', 'तीन वर्षांनीं' अशा अंतरांवर उभारलेला काल एखाद्या अक्षराच्या चुकीनें सरकूं शकतो.

सर्वसाधारण तोड अशी काढितात कीं, २४१ वा २४० त नवस बोलला गेला व प्रथम खेळ झाले आणि २३८ त देवळाचें अर्पण झालें. ती मलाहि पटते, परंतु पूर्णपणें नव्हे. कारण प्लिनी देवळाबद्दल बोलत नसून सणाबद्दल बोलत आहे. ओव्हिद तर देवळाचें नांवहि घेत नाहीं; देऊळ पब्लिसियस बंधूंचें असें सांगणारा टॅसिटस. आणि प्रेनेस्ते येथील पंचांग, जें व्हेरियस फ्लॅकस या ऑगस्टसकालीन पंडितानें रचलें व ज्याचे शिलाखंड अठराव्या शतकांत बाहेर आले, तें २८ एप्रिल हा देवळाच्याच अर्पणाचा दिवस देऊन कारण पिकांचें नापीकपण असें सांगतें. म्हणजे सण व देऊळ यांच्या तिथि एक असून वर्षांबद्दल काय तो घोळ आहे. तिथि लिहून ठेवण्याची पुरोहितांची परंपरा आणि वर्षें जुळविण्याची पंडितांची परंपरा यांत पहिली अधिक विश्वसनीय हें सांगावयास नको. जातां जातां तिथीविषयीं एक बारीक गोष्ट: सीझरच्या सुधारणेपूर्वीं एप्रिलचे दिवस २९ असत. त्यामुळें 'मे महिन्याच्या पहिल्या तारखेपूर्वींचा चवथा दिवस' हा पब्लिसियस बंधूंच्या काळीं एप्रिलचा २७ वा दिवस होता, २८ वा नव्हे.

हे बंधु कोणत्या प्रकारचे एडाईल, यावरहि मतभेद आहे. व्हॅरो त्यांस प्लेबियन एडाईल म्हणतो. फेस्टस क्युरूल एडाईल म्हणतो. व्हॅरोच्या ग्रंथाची मुख्य पोथी अकराव्या शतकांतली, मॉन्ते कासीनो मठांतली, आज फ्लॉरेन्सला आहे. फेस्टसचीहि अकराव्या शतकांतली एकच मूळ पोथी असून ती आगीनें अर्धी जळालेली नेपल्सला आहे. पोथ्यांच्या वयावरून निर्णय होत नाहीं. परंतु एक कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. क्युरूल एडाईलपद आरंभीं एका वर्षीं पॅट्रीशियनांस व दुसऱ्या वर्षीं प्लेबियनांस देण्याचा करार होता, असें लिव्ही सांगतो. पुढें तो कधीं सुटला याविषयीं वाद आहे. इ. स. पूर्वी २१३ त सिपिओ व सेथेगस हे दोघे पॅट्रीशियन त्या पदावर होते. पाळी तोंपर्यंत चालू होती असें धरल्यास विषम वर्षें पॅट्रीशियनांचीं व सम वर्षें प्लेबियनांचीं. पब्लिसियस घराणें प्लेबियन. तेव्हां ते क्युरूल असले तर २४१ हें वर्ष बाद होऊन २४० किंवा २३८ उरतें. फेस्टस चुकला असेल व व्हॅरो बरोबर असेल, तर मात्र तिन्ही वर्षें मोकळीं राहतात. सीरीजच्या देवळाचें सान्निध्य पाहतां माझा कल व्हॅरोकडे आहे. या बंधूंपैकीं मार्कस पुढें इ. स. पूर्वी २३२ त कॉन्सल झाला. त्या मानानें तिन्ही वर्षें एडाईलपदास शोभतात.

रस्त्याविषयीं मात्र संशय नाहीं. दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या हकीकतींत लिव्ही त्याचा उल्लेख करतो: इ. स. पूर्वी २०७ त सत्तावीस कुमारिकांची मिरवणूक जूनो देवीच्या देवळाकडे याच चढावानें गेली, आणि २०३ त लागलेल्या आगींत हा चढाव जमिनीपर्यंत जळाला, म्हणजे त्याच्या दुतर्फा दाट वस्ती होती.

खेळ आरंभीं दरसाल होत नसत. ओव्हिद सांगतो, मध्यें देवतेची हयगय झाली, वारे, गारा व पाऊस यांनीं ऑलिव्ह, द्राक्षें व धान्यें यांचा नाश केला, तेव्हां सेनेटानें वार्षिक खेळांचा नवस बोलला व लीनास आणि पोस्टूमियस या कॉन्सलांनीं तो फेडला. हें वर्ष इ. स. पूर्वी १७३. लिव्हीचें या वर्षाचें पुस्तक सुदैवानें उपलब्ध आहे. तेंहि एका पोथीच्या जोरावर, जी इ. स. १५२७ त लोर्श येथील मठांत सांपडली व आज व्हिएन्नास आहे. तींत खेळांचा उल्लेख नाहीं. परंतु त्याच वर्षीं त्याच पोस्टूमियस कॉन्सलास सेनेटानें कांपानिया प्रांतांत धाडलें तें कशासाठीं? खासगी मालकांनीं हळूहळू बांध सरकवून सरकारी जमीन गिळली होती, तिच्या हद्दी कायम करण्यासाठीं. फ्लोरेचे खेळ दोनदां स्थापन झाले आणि दोन्ही वेळां सरकारी जमिनीच्या अपहाराचें प्रकरण जवळपास उभें आहे. पहिल्या वेळचा संबंध ग्रंथकारच सांगतात. दुसऱ्या वेळचा कोणी सांगत नाहीं, व मीहि तो सिद्ध झाला असें म्हणत नाहीं. पण नोंद करून ठेवण्याजोगा आहे.

नाणकशास्त्राची साक्ष येथें आडवी येते. गायस सर्व्हीलियस या टांकसाळ-अधिकाऱ्यानें इ. स. पूर्वी ५७ च्या सुमारास पाडलेलें चांदीचें डिनेरियस संग्राहकांच्या परिचयाचें आहे. एका बाजूस फुलांचा मुकुट घातलेलें फ्लोरेचें मस्तक, मागें शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वांकडी काठी आणि 'फ्लोराल प्रीमुस' अशीं अक्षरें. दुसऱ्या बाजूस समोरासमोर तलवारी घेतलेले दोन सैनिक. अक्षरांचा विस्तार दोन प्रकारें होतो: 'फ्लोरेचे खेळ ज्यानें पहिल्यानें केले तो' किंवा 'फ्लोरेचा पहिला पुजारी'. पहिला अर्थ घेतला तर पब्लिसियस बंधूंचा मान सर्व्हीलियस घराणें हिरावून घेतें. १७३ त वार्षिक खेळ प्रथम करणारा एडाईल या घराण्यांतला असावा असें म्हणून कित्येकांनीं समेट केला आहे. त्यास स्वतंत्र आधार नाहीं. दुसऱ्या अर्थास काठीचें चिन्ह थोडें पोषक आहे, तरी ती काठी फ्लामेनची नव्हे. मला असें वाटतें कीं, टांकसाळीवर बसलेल्या तरुण उमरावांचे पूर्वजांविषयींचे दावे आपल्या वतनदारांच्या करिन्यांइतकेच जपून वाचावे. करिन्यांत मूळपुरुष नेहमींच पहिला असतो. इ. स. पूर्वी ४१ तील गायस क्लोडियस याच्या नाण्यावरहि फ्लोरेचें मस्तक आहे व मागील बाजूस व्हेस्टाची पुजारीण बसलेली आहे. तेथें असा दावा नसल्यामुळें वादहि नाहीं.

आतां ज्यामुळें लॅक्टान्शियसच्या हकीकतीस वाव मिळाला त्या खेळांकडे वळूं. २८ एप्रिल ते ३ मे असे सहा दिवस ते चालत. बहुतेक दिवस नाटकें, शेवटीं सर्कसमध्यें शिकार. परंतु वाघसिंहांची नव्हे, तर ससे व हरणीं यांची, कारण हिंस्र रानाशीं या देवतेचा संबंध नाहीं, बागा व शेतें यांशीं आहे असें तीच ओव्हिदास सांगते. सीरीजच्या सणांत पांढरीं वस्त्रें, हिच्या सणांत रंगीबेरंगी; रात्रीं दिव्यांची रोषणाई. गर्दीवर हरभरे व तत्सम कडधान्यें उधळीत. तीं पकडण्यासाठीं झोंबाझोंबी होई, असें पर्सियसच्या उपहासावरून दिसतें. पुढें बादशहा झालेला गाल्बा यानें प्रेटर असतां या खेळांत दोरीवर चालणारे हत्ती दाखविले. आणि रंगभूमीवरील नटींनीं प्रेक्षकांच्या मागणीवरून वस्त्रें उतरण्याची चाल होती. इ. स. पूर्वी ५५ त मेसियस एडाईलानें केलेल्या खेळांस धाकटा केटो हजर होता. त्याच्या देखत ती मागणी करण्यास लोक संकोचले. शेजारीं बसलेल्या मित्राकडून हें कळतांच केटो उठून गेला, लोकांनीं टाळ्या वाजवून त्यास निरोप दिला आणि मग चाल पूर्ववत् चालू केली. व्हॅलेरियस मॅक्सिमस ही गोष्ट केटोच्या स्तुतीसाठीं सांगतो. मार्शियलनें विचारलें आहे कीं, काय चालतें तें ठाऊक होतें तर हा गृहस्थ नाटकगृहांत आलाच कशाला? प्रश्न रास्त आहे.

परंतु सोंगाढोंगाची मोकळीक ही देवतेच्या हीन कुळाची खूण नव्हे. सुपीकपणाच्या विधींत असा अश्लील भाग अनेक देशांत आढळतो. आपल्याकडील शिमगा पाहिलेल्यास याचा विस्मय वाटूं नये. आणि याच खेळांविषयीं सिसरो काय म्हणतो पहा. इ. स. पूर्वी ७० त, पुढील वर्षासाठीं एडाईल निवडला गेला असतां, आपणांवर कोणतीं पवित्र कर्तव्यें आलीं आहेत हें तो मोजून दाखवितो. त्यांत सीरीज, लिबर, लिबेरा यांच्या मागोमाग आणि ज्यूपिटर, जूनो, मिनर्व्हा यांच्या आधीं फ्लोरा येते, व तिला तो 'माता' म्हणतो. ज्या मनुष्यास उपहासाची एवढी हौस, त्यानें मेलेल्या गणिकेस भर लेखांत माता म्हटलें असतें काय?

मग ही कथा आली कोठून? दोन गोष्टी दाखवितां येतात. फ्लोरा हें नांव गणिका खरोखरच धारण करीत. पाँपीच्या तारुण्यांतील फ्लोरा नांवाच्या प्रेयसीची हकीकत प्लूटार्कनें दिली आहे, आणि ती इतकी देखणी होती कीं मेटेलसनें तिची तसबीर कॅस्टर व पोलक्स यांच्या देवळांत लाविली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत जेल्लियसनें आक्का लारेन्शियेविषयीं नमूद केलें आहे कीं, तिनें देहविक्रयानें द्रव्य मिळविलें, मृत्युपत्रानें रोम्युलसला, किंवा दुसऱ्या मतें रोमन जनतेला, वारस केलें आणि त्या उपकारास्तव तिच्या नांवाचा दिवस पंचांगांत घातला गेला. गणिका, मृत्युपत्र, जनता वारस, पंचांगांत सण: साचा हुबेहूब तोच. लॅक्टान्शियस ज्या प्रकरणांत फ्लोरेची गोष्ट सांगतो, त्याच प्रकरणांत लारेन्शियेचाहि समाचार घेतो. एकीची कथा दुसरीच्या गळ्यांत पडावयास यापेक्षां जास्त जवळीक नको. जन्मदिवस व व्याज हा तपशील मागून भरलेला दिसतो. जन्मदिवसाचे खेळ असते तर प्लिनी व प्रेनेस्तेचें पंचांग दोघेहि फुलोऱ्याचें व दुष्काळाचें कारण देतेना.

देवळाचा पुढील इतिहास त्रोटक आहे. जुनें होऊन किंवा आगीनें बिघडलेल्या देवळांचा जीर्णोद्धार ऑगस्टसनें आरंभिला होता. त्यांत फ्लोरेचें देऊळ होतें व तें टायबेरियसनें इ. स. १७ त पुन्हां अर्पण केलें. हें सांगणारें टॅसिटसचें पुस्तकहि कोर्वाय मठांतून आलेल्या एकाच पोथींत उरलें आहे. आल्लीफे येथील पंचांगांत १३ ऑगस्ट या दिवशीं सर्कसजवळील फ्लोरेची नोंद आहे, ती या नव्या अर्पणाची असूं शकेल. सर्कसजवळच्या देवळाखेरीज क्विरिनल टेकडीवरहि तिचें स्थान होतें. व्हॅरो जुन्या कॅपिटोलकडे जाणाऱ्या चढावाचें वर्णन करतांना त्याची खूण देतो. क्विरिनल ही परंपरेनें सबाइनांची टेकडी. टेशियसची वेदी म्हणजे हेंच स्थान असेल तर तें पब्लिसियस बंधूंच्या देवळाहून जुनें ठरेल, आणि आव्हेंटाइनच्या पायथ्याचें देऊळ हें नव्या देवतेचें आगमन नसून जुन्या देवतेस प्लेबियनांनीं दिलेलें दुसरें घर, असा सर्व पुराव्याचा मेळ बसतो.

सम्राटांच्या काळांतली एक नोंद मोठी गमतीची आहे. रोमबाहेर पांचव्या मैलावर आर्वाल बंधूंचें डेआ दिया या देवतेचें वन होतें; त्यांच्या कारभाराच्या वह्या संगमरवरावर कोरीत. इ. स. १८३ त देवळाच्या शिखरावर अंजिराचें झाड उगवलें. तें उपटून देऊळ दुरुस्त करावयाचें, म्हणून प्रायश्चित्तादाखल अनेक देवतांस बलि दिले गेले. त्या यादींत फ्लोरेस दोन मेंढ्या आहेत. आपल्याकडे शिखरावरच्या पिंपळास हात लावतांना जो संकोच होतो, तोच हा. एक झाड मारावयाचें तर फुलविणारीची समजूत काढली पाहिजे, असा त्या पुरोहितांचा हिशेब असावा. इ. स. ३५४ च्या सचित्र पंचांगांतहि तिच्या खेळांची नोंद आहे. म्हणजे लॅक्टान्शियस लिहून गेल्यावरहि, ख्रिस्ती बादशहांच्या अमलांत, खेळ चालूच होते.

दोन्ही देवळांचे अवशेष निश्चितपणें ओळखले गेलेले नाहींत. रोमांत सर्कस मॅक्सिमसच्या बाजूनें आव्हेंटाइनवर चढणाऱ्या रस्त्यास मात्र अद्याप पब्लिसियस बंधूंचेंच नांव आहे.